कोरडे ऊन, ओला उकाडा

नागपूरहून रत्नागिरीला बदली झाल्याची बातमी आप्तेष्टांमध्ये पसरली, तेव्हा नव्या कामाबद्दल किंवा घराबद्दल कोणी फारसे विचारले नाही. ‘उन्हातून सुटलात’ एवढेच जो तो म्हणत होता. त्यात खोटे काही नव्हते. नागपुरात मे महिन्याचे सरासरी कमाल तापमान ४२-४३ अंश सेल्सिअस असते आणि २३ मे २०१३ रोजी तर पारा ४७.९ अंशांवर जाऊन थांबला होता. रत्नागिरीत त्याच महिन्यात तो ३२-३३ अंशांच्या पुढे क्वचितच सरकतो. दहा अंशांची ही तफावत कागदावर फार मोठी दिसते. मात्र दोन्ही ठिकाणचे उन्हाळे अंगावर काढल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे, की एका उष्ण प्रदेशातून दुसऱ्या उष्ण प्रदेशात राहायला जाणाऱ्याने कमाल तापमानाचा आकडा सगळ्यात शेवटी पाहावा. त्याआधी हवेत ओलावा किती आहे, रात्र किती उतरते आणि वारा कोणत्या वेळी कोठून येतो, हे विचारावे. कारण दिनक्रम, घराची रचना, स्वयंपाकघर आणि म्हाताऱ्या माणसांची प्रकृती या सगळ्यांचा संबंध त्या तीन गोष्टींशी अधिक आहे.

भारतीय हवामान विभागालाही हा फरक मान्य आहे. उष्णतेची लाट जाहीर करायची तर मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असावे लागते. किनारपट्टीवर तीच मर्यादा ३७ अंशांची आहे. दोन्हीकडे तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून अधिक वर गेलेले असले पाहिजे, ही अट सारखीच. नागपूरकराला ३७ अंश म्हणजे मार्चमधला एखादा साधा दिवस वाटेल. त्या दिवशी तो बाजारात जाईल, लग्नाला जाईल आणि घरी आल्यावर उन्हाचा उल्लेखही करणार नाही. रत्नागिरीत त्याच आकड्यावर इशारा दिला जातो आणि तो योग्यच असतो.

याचे कारण घामात आहे. आपल्या त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश असते. हवा त्याहून तापली की ती शरीराची उष्णता काढून घेण्याऐवजी उलट शरीराला तापवू लागते आणि मग थंड राहण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणे. एक लीटर घाम पूर्णपणे वाळला, तर तो शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. घाम नुसता निथळून उपयोग नाही, तो वाळला पाहिजे; आणि तो वाळण्यासाठी हवेत जागा पाहिजे. हे मोजण्याची जुनी रीत साधी आहे. तापमापकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळायचे, त्यावरून वारा जाऊ द्यायचा आणि पारा कोठवर उतरतो ते पाहायचे. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर हा ओला तापमापक साधारण २३ अंशांपर्यंत उतरतो. रत्नागिरीत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना तो २८ अंशांच्या आसपासच अडून राहतो. कोरड्या पाऱ्याने पाहिले तर रत्नागिरी अकरा अंशांनी थंड आहे, आणि ओल्या पाऱ्याने पाहिले तर पाच अंशांनी उष्ण.

नागपूरच्या कूलरचे सगळे शास्त्र यातच आले. मार्च उजाडला की माळ्यावरून कूलर उतरतात, त्यांचे पत्रे घासले जातात, गंज चढलेल्या कडांना रंग लावला जातो आणि गल्लीच्या तोंडाशी वाळ्याच्या नव्या ताट्या घेऊन कारागीर बसलेले दिसतात. ताटी बसवल्यावर पंप प्रथम सुरू करतात तो क्षण माझ्या फार आवडीचा. वरच्या पन्हाळीतून पाणी आधी एकाच कोपऱ्यात ठिबकते, कोरडा वाळा त्याला बराच वेळ दाद देत नाही, मग हळूहळू ताटीवर गडद पट्टे उतरू लागतात आणि सगळी ताटी भिजेपर्यंत खोलीत तो मातकट, गोडसर वास भरलेला असतो. पाच-दहा मिनिटांत ४४ अंशांची हवा २७-२८ अंशांची होऊन आत येते. विजेचा खर्च एका पंख्याचा आणि एका लहान पंपाचा. कोरड्या प्रदेशातल्या माणसांनी आपल्याच हवेच्या तहानेतून काढलेली ही सोय मला आजही वातानुकूलन यंत्रापेक्षा अधिक शहाणपणाची वाटते. तीच यंत्रणा रत्नागिरीत मात्र निकामी ठरते. तिथली हवा कूलरमधून गेली, तरी ती फार तर तीन-चार अंश उतरेल आणि खोलीतला दमटपणा वाढवून ठेवील. पाऊस सुरू झाल्यावर नागपुरातही कूलर अंग चिकट करतो, त्यामुळे नागपूरकराला ही गोष्ट मुळीच अनोळखी नाही. जुलैतल्या ज्या आठवड्यांत हवा गदमदते, ते आठवडे किनाऱ्यावर मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत पसरलेले असतात, एवढे लक्षात घेतले म्हणजे झाले. आम्ही दोन्ही कूलर भावाकडे ठेवून निघालो.

घर कसे वापरायचे याचेही दोन्हीकडे दोन वेगळे पाठ आहेत. नागपुरात सकाळी नऊ-दहाच्या सुमारास घर मिटते. खिडक्यांची तावदाने लावायची, पडदे ओढायचे, दाराच्या फटीशी ओले पोते सारायचे आणि रात्रीचा गारवा जितका वेळ आत टिकेल तितका टिकवायचा. बाहेरची कामे पहाटे नाहीतर दिवे लागल्यावर करायची. दुपारी बाहेर पडणे भागच असेल, तर डोके-कान दुपट्ट्याने बांधायचे आणि निघण्यापूर्वी पन्हे किंवा मठ्ठा घ्यायचा. सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो ते मे अखेरचे नऊ दिवस, ज्यांना आमच्याकडे नवतपा म्हणतात, त्या दिवसांत तर दुपारी बारा ते पाच रस्त्यांवर शुकशुकाट असतो. ऊन हा तिथला शत्रू आहे, पण तो वेळेचा पक्का आहे आणि तो सावलीत फारसा येत नाही. भिंतीआड गेले की निम्मी लढाई जिंकलेली असते.

माझी आई आमच्याबरोबर रत्नागिरीला आली. सत्तरी ओलांडलेल्या आणि सगळे आयुष्य विदर्भात काढलेल्या आईने पहिल्याच एप्रिलमध्ये सवयीने सकाळी दहाला सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. शेजारच्या काकू काहीतरी द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. ‘अहो आजी, खिडक्या लावून बसलात तर वारा येणार कुठून? उघडा त्या सगळ्या,’ असे म्हणत त्यांनी स्वतःच पश्चिमेकडच्या दोन्ही खिडक्या उघडल्या. इथल्या घराला वारा लागतो. जांभ्याच्या जाड भिंती, उतरते कौलारू छप्पर, पुढे-मागे पडवी आणि समोरासमोर दारे, ही सगळी मांडणी हवा आरपार खेळती राहावी म्हणून आहे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे समुद्राकडे वाहू लागतात. शाळेच्या भूगोलात हे आम्ही पाठ केले होते, पण नागपूरपासून दोन्ही समुद्र शेकडो किलोमीटर दूर असल्यामुळे तो धडा परीक्षेपुरताच राहिला. इथे त्यावर दिवस चालतो. दुपारी अकरा-बाराच्या सुमारास पडदा प्रथम हलतो, तेव्हा काकू हातातले काम न थांबवता ‘आला’ एवढेच म्हणतात.

या दोन वाऱ्यांच्या मध्ये एक वेळ अशी येते, की जिची कल्पना नागपूरच्या माणसाला देऊन ठेवली पाहिजे. दिवेलागणीच्या सुमारास खारा वारा पडतो आणि मतलई अजून सुटलेली नसते. तापमापक ३० अंश दाखवत असतो, नागपुरात त्याच वेळी ३८ असतील; तरीही अंगावरचा सुती कपडा पाठीला चिकटतो, कपाळ कितीही पुसले तरी पुन्हा ओले होते आणि देवापाशी लावलेल्या उदबत्तीचा धूर छताच्या पाटईपर्यंत सरळ वर चढत जातो. तास-दीड तास माडाची झावळीही हलत नाही. त्या वेळी आईने जे म्हटले, ते माझ्या सगळ्या आकडेमोडीपेक्षा नेमके होते: ‘घाम तं निघून राह्यला, पण गार कुठं वाटून राह्यलं?’ काकूंनी तिला कोकमाच्या आगळाचे सरबत करून दिले, त्यात मीठ जरा जास्तच घातले आणि रात्री नऊनंतर बरे वाटेल, असे सांगितले. तसे झालेही. पण वीज गेली आणि पंखा बंद पडला, तर ही वेळ काढणे नागपूरच्या दुपारपेक्षा अवघड असते, असे मी पूर्ण विचारांती लिहिते आहे.

शरीराच्या तक्रारीही दोन्हीकडे वेगळ्या. नागपुरात ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, मुलांचा घोळणा फुटतो आणि घशाला कोरड पडते. म्हणजे शरीर वेळीच ओरडून सांगते. किनाऱ्यावर घामोळे उठते, कातडीच्या वळ्यांत गजकर्ण होते आणि सततच्या घामाबरोबर मीठ निघून जात असूनही तहान तितकी जाणवत नाही. थकवा येतो, भूक जाते, चिडचिड होते, आणि हे सगळे उष्णतेमुळे आहे हे कित्येकांना कळतही नाही, कारण पारा तर तेहतीसच दाखवतो. तरीही जीवावर बेतण्याचा प्रश्न आला, तर नागपूरच्या उन्हाला कमी लेखता येणार नाही. भर दुपारी उघड्यावर काम करणाऱ्या माणसाला लू लागली, तर उपचाराला फार वेळ मिळत नाही. २०१३ मध्ये अहमदाबादने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा आखला आणि त्यानंतर काही वर्षांतच नागपूरनेही तो मार्ग धरला, तो या अनुभवामुळेच.

रात्रींचा हिशेब माझ्या लहानपणी अगदी स्पष्ट होता. एप्रिलमध्ये नागपुरात दिवसाचे कमाल आणि रात्रीचे किमान तापमान यांत पंधरा अंशांचे अंतर सहज पडते. गच्चीवर संध्याकाळी पाणी मारायचे, अंथरुणे घालायची आणि पहाटे चादर ओढून घ्यायची, असा उन्हाळा आम्ही पाहिला. आता सिमेंटच्या गर्दीत मे अखेरच्या रात्रीही कित्येकदा ३० अंशांच्या घरात राहतात आणि दिवसभर तापलेला स्लॅब पहाटेपर्यंत उष्णता सोडत असतो. रत्नागिरीत हे अंतर सात-आठ अंशांचेच. मेमधली रात्र २६ अंशांच्या खाली फारशी जात नाही. त्यामुळे तिथल्या उकाड्याला कळस नसतो आणि उतारही नसतो, तो दिवसरात्र सारख्या पातळीवर राहतो.

हिवाळ्याने आम्हांला सगळ्यात जास्त चकवले. जानेवारीच्या दुपारी रत्नागिरीचे तापमान ३१ अंशांच्या आसपास असते आणि नागपूरचे २८-२९ अंश. म्हणजे त्या महिन्यात उष्ण गाव रत्नागिरी असते. रात्रीचा प्रश्नच नको: २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तर इथे वीस-एकवीस अंशांवर लोक स्वेटर काढतात. या थोड्याशा थंडीवर कोकणाचे सारे लक्ष असते, कारण हापूसचा मोहोर तिच्यावर अवलंबून आहे. डिसेंबरात ढग राहिले किंवा अवेळी सर आली, तर मोहोरावर तुडतुडे आणि करपा पडतो आणि बागायतदाराच्या चेहऱ्यावर ते दिसते. आमच्याकडे संत्र्याचे गणित वेगळे आहे. मृग बहार धरायचा असेल, तर शेतकरी मे महिन्यात झाडाचे पाणी मुद्दाम तोडतो. त्याला ताण देणे म्हणतात. कोरड्या उन्हात झाड विसावते आणि मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर फुलावर येते. ज्या उन्हाला आम्ही घराबाहेर ठेवतो, त्याच उन्हाकडून बाग काम करवून घेते, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र रत्नागिरीत काही दिवस विदर्भासारखे उगवतात. पूर्वेकडून, म्हणजे घाटावरून, जमिनीचे वारे जोराने वाहतात, खारा वारा दुपारी उशिरापर्यंत आत येऊ शकत नाही आणि पारा ३७-३८ अंशांवर जातो. २०२५ च्या फेब्रुवारीअखेर कोकण किनाऱ्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा देण्यात आला, तो अशाच परिस्थितीत. ते दिवस कोरडे असतात. शेजारी हैराण होतात, लहान कैऱ्या गळतात, आणि आमच्या घरात आई प्रसन्न असते. तिचे कपडे तासाभरात वाळतात आणि पापडांची थाळी ती स्वतः अंगणात नेऊन ठेवते.

मग पाऊस. नागपूरला वर्षभरात १,१०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रत्नागिरीला ३,००० मिलिमीटरच्या वर. रत्नागिरीत तो जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अरबी समुद्रावरून येतो, नागपूरला पोहोचायला त्याला महिन्याचा मध्य उजाडतो, आणि पुढचा बराचसा पाऊस बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे मिळतो. एकाच राज्यातल्या शाळांनाही हे मान्य करावे लागले आहे. इतरत्र जूनच्या मध्यावर वर्ग भरतात आणि विदर्भात महिना संपत आल्यावर. कोकणात मे महिनाभर आगोटची धावपळ असते: सुकी मासळी, तांदूळ, लाकूडफाटा, पडवीला लावायच्या झडी. जुलैत घरातले सगळे काही सादळते. काडेपेटी पेटत नाही, मिठाला पाणी सुटते, दार फुगून कडी बसत नाही आणि कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर आठवड्यात पांढरी बुरशी धरते. नागपूरच्या घरात वर्षभर उघड्या डब्यात राहिलेल्या आईच्या कुरडया इथे पहिल्याच पावसात मऊ पडल्या. तरीही पाण्याची खात्री म्हणावी तर तीही नाही. सह्याद्रीपासून समुद्र ५०-६० किलोमीटरवर, उतार तीव्र आणि जमीन जांभ्याची. पडलेले पाणी झिरपून आणि वाहून लवकर समुद्राला मिळते, आणि इतक्या पावसाच्या जिल्ह्यात मे महिन्यात कातळावरच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. मला या प्रदेशाची ही सर्वांत मोठी व्यथा वाटते आणि तिच्याबद्दल पुरेसे बोलले जात नाही.

असे हवापालट करावे लागलेल्यांत एक राजाही होता. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेहून हलवले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले. मंडाले हे ब्रह्मदेशाच्या कोरड्या मध्यभागातले शहर, जवळजवळ नागपूरच्याच अक्षांशावरचे, आणि पाऊस नागपूरपेक्षाही कमी. त्या कोरड्या उन्हात वाढलेल्या माणसाने पुढची तीस वर्षे या किनाऱ्यावर काढली. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला. समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या वाड्याच्या रुंद सज्जांत उभे राहिले, की वाऱ्यासाठीच जागा निवडली असावी असे वाटते. १९१६ मध्ये तो इथेच वारला. आणि ज्या लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ मध्ये रत्नागिरीत झाला, त्यांना त्याच काळात, १९०८ ते १९१४, मंडालेच्या तुरुंगात ठेवले होते. ऊन आणि धूळ यांना अडवू न शकणाऱ्या लाकडी कोठडीत. दमट किनाऱ्यावर जन्मलेला माणूस कोरड्या उन्हात आणि कोरड्या उन्हातला राजा दमट किनाऱ्यावर, आणि कोणालाही परत फिरण्याचे स्वातंत्र्य नाही. आमच्यासारख्यांची बदली निदान रजेचा अर्ज करता येईल इतकी सौम्य असते.

आईच्या प्रकृतीचा विचार करून आम्ही आता वर्षाची वाटणी केली आहे. एप्रिल आणि मे तिने रत्नागिरीत काढायचे, कारण या वयात नागपूरच्या लूशी झुंजणे धोक्याचे आहे आणि इथला उकाडा पंखा, आगळ आणि उघड्या खिडक्यांवर निभावतो. जूनमध्ये पाऊस स्थिरावण्यापूर्वी तिने भावाकडे जायचे, कारण इथल्या ओलीने तिचे गुडघे धरतात. ऑक्टोबरात दोन्हीकडे तापते, पण नागपूरची हवा तोवर कोरडी होऊ लागलेली असते आणि रात्री उतरतात, म्हणून तेव्हाही तिथेच. आणि थंडीत तर तिला तिथून हलवण्याचा प्रश्नच येत नाही. वाळवण फेब्रुवारीतच उरकून घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून आणायचे, हेही ठरले. वाद उरला तो मार्चबद्दल. पूर्वेकडचे वारे थांबेपर्यंत तिला पाठवू नकोस, असे मी भावाला कळवले होते. ३८ अंशांत प्रवास करून तिने यावे, हे मला पटत नव्हते. तिने फोन स्वतःच्या हातात घेतला आणि सांगितले, ‘तेच तं चार दिवस तुमच्या गावात मले मानवतात.’ तिकीट मार्चच्या दुसऱ्या आठवड्याचे काढले आहे.